सप्लाय चेनचा प्राध्यापक नेमकं काय करतो? कंपनीतून येऊ पाहणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: कंपनीत खरेदी आणि प्लॅनिंगमध्ये बरीच वर्षं काढली, आता पीएच.डी. करून विद्यापीठात सप्लाय चेन मॅनेजमेंट, म्हणजे पुरवठादारापासून ग्राहकापर्यंत माल पोचवणाऱ्या साखळीचं व्यवस्थापन, शिकवावं असं वाटतं. हे काम प्रत्यक्षात कसं असतं, कंपनीतला अनुभव तिथे कितपत चालतो आणि गणित किती लागतं?

मी हाच विषय शिकवते, त्याआधी प्लॅनिंगमध्येच होते. अनुभव उपयोगी पडतो, खूप पडतो, पण जसाच्या तसा नाही. कंपनीत तुमची किंमत 'आता काय करायचं' हे झटपट सांगण्यावर ठरते. इथे 'हे असं का होतं, आणि कोणत्या परिस्थितीत होणार नाही' हे विचारावं लागतं. शिकवणं असो, संशोधन असो, कंपनीकडून डेटा मिळवणं असो, सगळीकडे हाच फरक आडवा येतो. म्हणून खालचं सगळं त्याच अंगाने लिहिते.

आधी नोकरीचं स्वरूप. पद एकच असलं तरी विद्यापीठागणिक काम वेगळं असतं. संशोधनावर भर असलेल्या विद्यापीठात शिकवायचे कोर्स मोजके असतात, पण पहिल्या सहा-सात वर्षांत कोणत्या नियतकालिकांत पेपर आले यावर पुढची नेमणूक ठरते. अमेरिकी पद्धतीत त्या कायम नेमणुकीला टेन्युअर म्हणतात. इतरत्र नाव आणि नियम वेगळे, दडपण साधारण तेच. शिकवण्यावर भर असलेल्या संस्थेत कोर्सची संख्या सहज दुप्पट होते आणि संशोधनाला वेळ सुट्टीतच मिळतो. दोन्ही कामं सन्मानाची आहेत. पण एकासाठी तयारी करून दुसऱ्यात जाऊन पडलं तर माणूस पिचतो. मुलाखतीला जाण्याआधी त्या विभागात अलीकडे बढती मिळालेल्यांचे पेपर कुठे छापून आलेत ते पाहा. जाहिरातीपेक्षा त्यावरून खरी अपेक्षा कळते.

आता वर्ग. याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण कंपनीतून येणारे लोक इथेच गाफील असतात. आपल्याकडे किस्से भरपूर आहेत, वर्ग रंगेल, असं त्यांना वाटतं. वर्ग रंगतोही. पण पंधरा दिवसांनी विद्यार्थ्याच्या डोक्यात किस्सा उरतो आणि त्यामागचं कारण निसटून गेलेलं असतं.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९६० च्या सुमारास तयार झालेला बीअर गेम तुम्हाला शिकवावाच लागेल. चार जण साखळीतल्या चार जागांवर बसतात: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना. आपसात बोलायचं नाही, फक्त ऑर्डर द्यायची. ऑर्डर पोचायला आणि माल यायला काही आठवडे जातात. माल पडून राहिला तर खर्च, कमी पडला तर त्याच्या दुप्पट. ग्राहकाची मागणी पहिले चार आठवडे ४ पेट्या असते, पाचव्या आठवड्यापासून ८ होते आणि शेवटपर्यंत ८ च राहते. अख्ख्या खेळात बदल तेवढा एकच. तरी कारखान्याकडे येणारी ऑर्डर मूळ मागणीच्या कित्येक पट होते आणि मग अनेक आठवडे शून्यावर जाते. खेळ संपल्यावर कारखान्याच्या जागी बसलेल्यांना मी ग्राहकाच्या मागणीचा आलेख काढायला सांगते. बहुतेक जण मोठमोठ्या लाटा काढतात. मग फळ्यावर खरी मागणी काढते: एक पायरी आणि पुढे सरळ रेष.

इथे थांबलं तर तो नुसता खेळ झाला. खरा तास त्यानंतरच्या चर्चेचा. एमआयटीतलेच संशोधक जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये याच खेळातल्या निर्णयांचं विश्लेषण केलं. मागवलेला पण अजून हातात न आलेला माल खेळाडू पुरेसा हिशेबात धरत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा मागवत राहतात, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे दोष माणसाच्या अंदाजाचा. पुढे १९९७ मध्ये हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग या संशोधकांनी दुसरी बाजू मांडली: प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणपणाने वागला तरी चढउतार वाढतच जातात. त्यांनी चार कारणं दिली. खालच्या कडीच्या ऑर्डरलाच मागणी समजून अंदाज बांधणं. ऑर्डर साठवून एकदम देणं. भाव वरखाली होत असल्याने स्वस्ताईत जास्तीची खरेदी करून ठेवणं. आणि टंचाईत माल वाटून मिळतो म्हणून मागणी फुगवून सांगणं.

ही दोन स्पष्टीकरणं शेजारी ठेवल्याशिवाय हा तास पुरा होत नाही. कारण उपाय वेगळे निघतात. दोष अंदाजाचा असेल तर प्रशिक्षण आणि चांगली माहिती कामाची. दोष नियमांचा असेल तर सगळ्यांना कितीही प्रशिक्षण द्या, सवलतीचं आणि वाटपाचं धोरण बदलेपर्यंत काही हलणार नाही.

नोकरी करून आलेला एखादा विद्यार्थी लगेच म्हणतो, 'मॅडम, आमच्याकडे सेल्सवाले तिमाहीच्या शेवटी माल ढकलतात, सगळा गोंधळ त्यांच्यामुळे.' असं कुणी बोललं की मला आनंद होतो, पण मी त्याला तिथे सोडत नाही. का ढकलतात? त्यांचा इन्सेंटिव्ह कशावर ठरतो? तो तिमाहीऐवजी दर आठवड्याच्या विक्रीवर ठरला असता तर? आणि गोदामातून माल निघाला की विक्री धरण्याऐवजी दुकानातून खपला की धरली असती तर? तासाच्या शेवटी 'सेल्सवाले' हा शब्द मागे पडतो आणि 'मोजमापाचा नियम' हा शब्द पुढे येतो. हे वर्गात घडवून आणता येणं, हेच मी शिकवण्यातलं कौशल्य मानते. तुमच्याकडे अनुभव आहे म्हणून तुम्हाला पुढचा प्रश्न सुचेल. पण तुम्ही स्वतः सेल्सवाल्यांवर राग धरून असाल तर सुचणार नाही.

दुसरं उदाहरण न्यूजव्हेंडरचं, म्हणजे मागणी नक्की माहीत नसताना किती माल आधीच मागवून ठेवायचा या प्रश्नाचं. समजा एका हंगामी वस्तूची खरेदी २० ला, विक्री १०० ला, उरलेला माल फुकट जातो. एक नग कमी पडला तर ८० चा नफा हुकतो, एक जास्त झाला तर २० बुडतात. म्हणून मागणी पुरी होण्याची शक्यता ८० टक्के होईल इतका माल मागवायचा. गणित दोन ओळींचं. पण लोक प्रत्यक्षात तसं मागवत नाहीत. श्वाइट्झर आणि कॅशॉन यांच्या २००० सालच्या प्रयोगांत दिसलं की भरपूर नफ्याच्या वस्तू लोक योग्य आकड्यापेक्षा कमी मागवतात. वर्गातले व्यवस्थापक म्हणतात, उरलेल्या मालाची भीती, दुसरं काय. पटण्यासारखं आहे. पण त्याच प्रयोगांत कमी नफ्याच्या वस्तू लोकांनी योग्य आकड्यापेक्षा जास्त मागवल्या. भीती हे कारण असतं तर तिथेही कमीच मागवायला हव्या होत्या. दोन्हीकडे माणसं सरासरी मागणीकडे ओढली जातात. अनुभवातून आलेलं कारण अर्ध्या पुराव्याला लागू पडतं आणि उरलेल्या अर्ध्यावर कोसळतं, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावं म्हणून मी हा धडा कधीच वगळत नाही.

केस, म्हणजे प्रत्यक्ष घडलेला प्रसंग, शिकवतानाही हेच. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनत असे, आणि साठा अगदी थोडा. टोयोटाचं उत्पादन थांबलं. वर्गाचा निकाल ठरलेला असतो: एकाच पुरवठादारावर अवलंबून राहू नये. मग मी पुढची हकिकत सांगते. अनेक कंपन्यांनी मिळून तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला, शिवणयंत्रं बनवणारी एक कंपनीही त्यात होती, आणि साधारण आठवडाभरात गाड्यांचं उत्पादन बरंचसं पूर्वपदावर आलं. ज्या घट्ट संबंधांमुळे धोका एका ठिकाणी साचला होता, त्याच संबंधांमुळे सावरणंही झपाट्याने झालं. आता दोन पुरवठादार ठेवा असा सल्ला द्याल का? कोणत्या भागासाठी द्याल, कोणत्यासाठी नाही? इथून पुढे चर्चा खरी सुरू होते, आणि तिला तासाभराचं बंधन पुरत नाही.

संशोधनाकडे वळते. 'आमचे पुरवठादार माल उशिरा देतात' ही तक्रार झाली, संशोधनाचा प्रश्न अजून झाला नाही. तक्रारीचा प्रश्न कसा होतो ते पाहा. खरेदीदार ऑर्डर दोन पुरवठादारांत विभागतो. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याच्या भीतीने वेळ पाळेल, की आपला वाटाच कमी म्हणून या ग्राहकाला मागे टाकेल? कोणत्या परिस्थितीत पहिलं घडेल आणि कोणत्या परिस्थितीत दुसरं? खरेदीदाराला पुरवठादाराची क्षमता माहीत असेल तर उत्तर बदलेल का? आता याला गेम थिअरीने (एकमेकांच्या चालींवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या गणिताने) भिडता येतं, डेटाने भिडता येतं, प्रयोगशाळेत माणसं बसवूनही तपासता येतं.

अशा वाटेने आलेलं चांगलं काम या विषयात आहे. ह्यूलेट-पॅकार्डचे डेस्कजेट प्रिंटर युरोपात पाठवताना देशागणिक पॉवर सप्लाय आणि माहितीपुस्तिका वेगळ्या असायच्या. एका देशात माल साठून राहायचा, दुसऱ्यात कमी पडायचा. हाऊ ली आणि सहकाऱ्यांनी कंपनीबरोबर बसून हे पाहिलं. प्रिंटर सगळीकडे एकच पाठवायचा आणि देशाप्रमाणे लागणारे भाग तिथल्या वितरण केंद्रात जोडायचे, हा उपाय त्यातून पुढे आला. त्यामागचं तत्त्व असं: वेगवेगळ्या मागण्या एकत्र केल्या की त्यांचे चढउतार काही प्रमाणात एकमेकांना खातात, म्हणून एकत्र साठा कमी लागतो. गॅरी एपेन यांनी १९७९ मध्येच ते गणितात मांडलं होतं. तत्त्व आधीपासून होतं. कारखान्यातल्या कोणत्या टप्प्यावर ते लागू करायचं, हे पाहायला आतला माणूस लागला.

तुमचा अनुभव सर्वांत जास्त कामाला येईल तो डेटामध्ये, आणि हे फार कमी लोक सांगतात. कधी कंपनीत न गेलेला हुशार पीएच.डी. विद्यार्थी ईआरपीतला (कंपनीच्या व्यवहारांच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणकप्रणालीतला) लीड टाइमचा, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतच्या काळाचा, रकाना खरा मानून चालतो. तुम्हाला माहीत असतं की तो आकडा कुणीतरी व्हेंडर मास्टर (पुरवठादारांच्या माहितीचा तक्ता) भरताना एकदा टाकला आणि नंतर कुणी हात लावला नाही. माल मिळाल्याची तारीख म्हणजे गाडी गेटवर आली ती तारीख नव्हे, पावती नोंदवली ती तारीख. महिनाअखेरीला दोन्हींत बरंच अंतर पडतं. विक्री शून्य दिसली म्हणजे मागणी शून्य होती असं नाही, माल शिल्लक नसेल. साठ्याच्या नोंदीही तशाच. डीहोरेशियस आणि रामन यांनी २००८ च्या पेपरमध्ये एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीच्या जवळजवळ ३,७०,००० नोंदी तपासल्या; त्यांतल्या ६५ टक्के चुकीच्या निघाल्या. ज्या आकड्यांवर ऑर्डर आपोआप सुटतात ते आकडेच असे असतील, तर वरच्या सगळ्या सुंदर सूत्रांचं काय होतं, हा स्वतःच एक मोठा संशोधनविषय आहे. आणि तो सुचतो गोदामात प्रत्यक्ष साठा मोजलेल्या माणसाला.

कंपनीकडून डेटा घेताना मात्र ओळखीवर विसंबू नका. काम सुरू होण्याआधी लेखी ठरवा: निष्कर्ष छापण्याचा हक्क तुमचा, कंपनी मसुदा ठरलेल्या मुदतीत वाचेल आणि फक्त गोपनीय माहिती काढायला सांगेल, कंपनीचं नाव येणार नाही. तुमचा संपर्कातला अधिकारी बदलून जातो, नवीन येणाऱ्याला या कामात रस नसतो, आणि अशा वेळी एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध अधांतरी लटकतो. हे त्या विद्यार्थ्याच्या आयुष्यातल्या वर्षांचं प्रकरण आहे, म्हणून मी याबाबतीत कडक आहे.

पेपर छापून येण्याची वाट लांब असते. कल्पना सुचण्यापासून छापून येईपर्यंत तीन ते पाच वर्षं जाणं अगदी नेहमीचं. मॅनेजमेंट सायन्स, ऑपरेशन्स रिसर्च, मॅन्युफॅक्चरिंग अँड सर्व्हिस ऑपरेशन्स मॅनेजमेंट, जर्नल ऑफ ऑपरेशन्स मॅनेजमेंट, प्रॉडक्शन अँड ऑपरेशन्स मॅनेजमेंट ही या क्षेत्रातली मोठी नावं. अनेक बिझनेस स्कूल ठरावीक याद्या धरून चालतात, जसं टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेची २४ नियतकालिकांची यादी किंवा फायनान्शियल टाइम्सची ५० ची. या याद्यांनी विषयाचं नुकसानही केलं आहे असं माझं ठाम मत आहे: वाहतूक, मानवतावादी मदत, आरोग्यसेवा यांतलं उत्तम काम यादीबाहेर छापलं गेलं म्हणून दुर्लक्षित राहतं. तरी नोकरी पक्की होईपर्यंत तरुण सहकाऱ्याला यादीकडे पाठ फिरवा असं मी सांगणार नाही. रेफरींची, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांची, उत्तरं वाचायला त्रास होतो. प्रत्येक मुद्द्याला मुद्देसूद लेखी उत्तर द्यायची सवय लागली की त्यातूनच पेपर सुधारतो.

समित्या, अभ्यासक्रमाचे आराखडे, मानांकनाची कागदपत्रं, प्रवेशप्रक्रिया हे सगळं असतंच. आठवड्याचा बराच भाग त्यात जातो. कन्सल्टिंग चालतं, पण विद्यापीठाच्या नियमात बसवून, आणि पहिली काही वर्षं जवळजवळ नाहीच.

एक बदल २०२० नंतर झाला. साथीच्या काळात दुकानांतल्या रिकाम्या फळ्या आणि मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलेलं एव्हर गिव्हन जहाज, यांमुळे हा विषय घरोघरी पोचला. तेव्हापासून 'जस्ट इन टाइम (साठा न ठेवता लागेल तेव्हाच माल आणण्याची पद्धत) फसलं' हे वाक्य मला सतत ऐकावं लागतं, आणि मी दर वेळी विरोध करते. टोयोटाची मूळ पद्धत जवळचे पुरवठादार, लहान खेपा आणि समतल केलेलं, म्हणजे रोज साधारण सारखं ठेवलेलं, उत्पादन यांवर उभी आहे. सर्वांत स्वस्त भाव शोधत समुद्रापलीकडे गेलेली, आठवडेच्या आठवडे लीड टाइम असलेली आणि वर साठाही कापलेली साखळी ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींना एकच नाव दिलं की चुकीच्या गोष्टीला दोष जातो आणि खरी चूक तशीच राहते. प्राध्यापकाने जाहीरपणे बोलावं ते अशा ठिकाणी. जे आपण अभ्यासलेलं नाही, त्यावर नाही.

आता गणित. लागतं. पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं ऑप्टिमायझेशन, संभाव्यता, स्टोकॅस्टिक प्रोसेसेस (काळानुसार अनिश्चितपणे बदलणाऱ्या गोष्टींचं गणित), गेम थिअरी, इकॉनोमेट्रिक्स (आर्थिक डेटाचं संख्याशास्त्र) यांत जातात. सोबत पायथन किंवा आर ही संगणकभाषा. केस स्टडी आणि मुलाखतींवर आधारलेलं संशोधनही या विषयात होतं, त्याला वेगळी शिस्त लागते, पण पाया सगळ्यांना सारखाच शिकावा लागतो. वय आड येत नाही. उत्पन्न चार-पाच वर्षं कमी होईल, याचा हिशेब घरच्यांबरोबर बसून आधी करा.

स्वतःची चाचणी घ्यायची असेल तर एक करा. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेलं इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटीचं, म्हणजे एका वेळी किती मागवलं तर खर्च सर्वांत कमी येतो याचं, सूत्र कागदावर स्वतः काढा. ते जमेल. मग पुढचा प्रश्न घ्या: योग्य आकड्यापेक्षा २० टक्के जास्त मागवलं तर ऑर्डर आणि साठवणुकीचा एकत्रित खर्च किती वाढतो? उत्तर दोन टक्क्यांहूनही कमी येतं. दुप्पट मागवलं तरी २५ टक्केच. तुम्ही प्लॅनिंगमध्ये असताना या आकड्याच्या अचूकतेसाठी किती बैठका झाल्या असतील! तो खर्चाचा आलेख तळाशी इतका सपाट का आहे, आणि कोणती गोष्ट बदलली तर तो सपाट राहणार नाही, यावर तुमची संध्याकाळ कशी गेली ते कळलं नाही, तर तुम्ही या कामासाठी घडलेले आहात. कंटाळा आला तर तेही कळलं. त्यात कमीपणा नाही. अशांसाठी अनेक विद्यापीठांत प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिससारखी पदं असतात, तिथे अनुभव हीच पात्रता आणि भर शिकवण्यावर. चांगल्या विभागाला अशा माणसांची गरज असते.

पीएच.डी.चीच वाट धरायची असेल तर नोकरी सोडण्याआधी दोन कामं करा. ओळखीच्या एखाद्या शिक्षकाकडे पाहुणे म्हणून दोन-तीन तास घ्या, आणि किस्से न सांगता एकच संकल्पना शिकवून पाहा. दुसरं म्हणजे, ज्यांच्या हाताखाली काम करायचं आहे त्या प्राध्यापकांचे अलीकडचे दोन पेपर पेन्सिल घेऊन वाचा आणि त्यांना दोन पानांचं पत्र लिहा. त्यात तुमच्या कामातली एकच अशी गोष्ट मांडा जी पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे घडली नाही. निर्णय कुणी घेतला, त्याला काय दिसत होतं, काय दिसत नव्हतं, ते लिहा. त्याची दोन संभाव्य कारणं द्या आणि कोणता डेटा मिळाला तर त्यांतलं एक खोटं ठरेल तेही सांगा. मला येणाऱ्या अर्जांत गुणपत्रकं आणि अनुभवाची यादी सगळ्यांची असते. असं पत्र क्वचित येतं, आणि आलं की मी त्याच आठवड्यात उत्तर देते.